विहीणबाई, तुमची पिशवी माझ्यापाशी आहे

विहीणबाई, तुमच्या तेरवीला मी बुंदीला हात लावला नाही. पंगतीतल्या बायांना वाटलं, दुःखानं. दुःखानं नाही, रागानं. तो राग अजून उतरला नाही आणि तुम्ही समोर नाहीत, म्हणून हे लिहायला बसले. तुमच्या शाळेतल्या मास्तरणी तुमच्या आठवणींची पुस्तिका काढत आहेत. माझीही दोन पानं हवीत म्हणून तुमच्या सुनेनं, म्हणजे माझ्या रंजनानं, कोरे कागद आणून दिले. "माय, चांगलं लिहिजो," म्हणाली. मी चौथी शिकलेली बाई. जेवढं येतं तेवढं लिहिते.

तुम्ही कुठं नोकरी केली, किती पोरं शिकवली, स्वभावानं कशा होत्या, ते बाकीच्या लिहितील. सगळ्या गोडच लिहितील. मला फक्त पिशव्यांचं बोलायचं आहे.

पण भांडण रंजनाच्या लग्नातलं आहे, तेव्हा सुरुवात तिथून करावी लागते. त्याआधी आपली ओळखही नव्हती. मी शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बगीच्यात जन्म गेलेली. तुम्ही अकोल्याच्या, साडीला पिन लावणाऱ्या, घड्याळ बघून चहा पिणाऱ्या. लग्न लागलं, जेवणं झाली आणि झाल ठेवायची वेळ आली. दिव्यांची टोपली वरमायच्या डोक्यावर ठेवायची आणि पोरगी तिच्या हवाली करायची. त्या वेळी पोरीच्या आईच्या डोळ्याला पाणी असतं. माझ्याही होतं. टोपली मी माझ्या हातानं तुमच्या डोक्यावर ठेवली. तुम्ही मान जराशी खाली घेतली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भल्लं जड हाये वो विहीणबाई, तुमचं वझं."

मांडव हसला. तुमच्याकडचे जास्त हसले. विहिणीनं विहिणीची थट्टा करायची असते, ते मलाही माहीत आहे. पण माझी पोरगी तिथं उभी होती आणि तीही ऐकत होती. माझ्या हाताला दिव्यांचं तेल लागलं होतं. ते पदराला पुसता पुसता मी ठरवलं की या बाईला एक दिवस अशी वाकवीन की चारचौघांत सांगता आलं पाहिजे. नंतर तुम्ही पुष्कळदा म्हणाल्या की टोपली खरंच जड होती, दिवे पितळेचे होते. असतील. मीच घेतले होते ते दिवे.

पुढं बरीच वर्षं मला संधी मिळाली नाही. वाटलं, पोरगी कधीतरी रडत माहेरी येईल, मग अकोल्याला जाऊन या बाईला धरते. रंजना सणाला यायची, तब्येतीनं भरलेली यायची आणि सासूबाई असं म्हणतात, सासूबाई तसं करतात, हेच सांगत बसायची. भांडायला तुम्ही मला एवढीशीही जागा ठेवली नाही.

मग तुमची नोकरी संपली आणि तुम्हाला चालायचं वेड लागलं. पहाटे मैदानाला फेऱ्या मारून तुमचं भागेना. एक दिवस फोन केला की अकोल्याहून चिखलदऱ्याला पायी जायचं आहे, येता का. मी विचारलं, नवस कशाचा? नवस नाही, म्हणाल्या, नुसतं चालायचं. मी म्हटलं, एसटी जाते ना. एसटीतून रस्ता दिसत नाही, म्हणाल्या. तुमच्या घरून कोणीच यायला तयार नव्हतं, हे रंजनाकडून मला आधीच कळलं होतं. या बाईला आपली गरज पडली आहे, एवढं मी त्यातून उचललं. शिवाय चालणं म्हणजे माझं रोजचं काम. बगीच्यात जन्मभर डोक्यावर टोपलं घेऊन फिरले. मास्तरीणबाई खुर्चीवर बसून म्हाताऱ्या झालेल्या. घाटात मी पुढं निघून जाईन, या धापा टाकत मागून येतील आणि मी वरून बघीन. हो म्हटलं.

निघण्याच्या आधी तुम्ही माझ्या घरी आल्या आणि माझं सामान तपासलं, जशी काही मी तुमच्या वर्गातली पोरगी. मी गाठोडं बांधून ठेवलं होतं, डोक्यावर न्यायला. तुम्ही ते ओट्यावर सोडलं. दोन लुगडी बाहेर काढली. पितळेचा गडू बाहेर, उशी बाहेर, धापोड्यांचा, पापडांचा डबा बाहेर. एक कापड अंगावर, एक पिशवीत, तिसरं कोणासाठी, म्हणाल्या. मग तुम्ही माझ्यासाठी आणलेली ती पाठीवरची पिशवी काढली, कमरेला पट्टा, छातीला पट्टा. वजन खांद्याला नाही, कमरेला बसलं पाहिजे. जड वस्तू मधोमध, पाठीच्या कण्याला चिकटून. कपडे पॉलिथिनमध्ये, कारण पाऊस नसला तरी दव असतं. बूट एक नंबर मोठा घ्यायचा, चालून पाय फुगतो. मोज्यांचे दोन जोड, धुतलेला जोड पिशवीला बाहेरून टांगायचा, चालता चालता वाळतो. पायाला फोड येण्याआधी, नुसती आग व्हायला लागली की लगेच पट्टी लावायची. मी कमरेचा पट्टा आवळून आरशात पाहिलं आणि म्हटलं, उंटावानी दिसतो मी.

"उंट पोचतो, विहीणबाई," तुम्ही म्हणाल्या.

फक्त तव्यावर मी हटले नाही. लोखंडी तवा, माझ्या सासूच्या हातचा. भाकर करीन तर त्याच्यावरच करीन. तुम्ही पुष्कळ समजावलं, की गावोगाव चूल आहे, तवा आहे, माणसं आहेत. मी म्हटलं, माझ्या पाठीवर आहे, तुमच्या नाही. तुम्ही गप्प बसल्या. गप्प बसल्या की तुमच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षी तुम्ही मला पाण्यानं हरवलं. निघताना म्हणाल्या होत्या की मोठ्या बाटल्या भरा, दर्यापूरपर्यंत खारपाणपट्टा आहे. मी गोड पाण्याच्या मुलखातली. आमच्याकडं विहीर म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे प्यायचंच. गाव तिथं विहीर, पाणी काय पाठीवर वाहायचं, असं म्हणून मी एकच लहान बाटली घेतली. पूर्णेच्या पलीकडं एका गावात हापशी दिसली. मी हापसून ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. मिठाचं पाणी. पारावरचे म्हातारे हसले. नळ आहेत आता, पण नळाला पाणी कधी येईल ते गावालाच माहीत नसतं. घरची बाई पेलाभर देते, पण तिचा भरलेला माठ बघून बाटली पुढं करायला जीभ रेटत नाही. तुम्ही बाजूला उभ्या होत्या. तुमची बाटली माझ्यापुढं धरली. मी नको म्हटलं. पुन्हा धरली. पुन्हा नको. तुम्ही झाकण लावलं आणि चालायला लागल्या. मी त्या हापशीचंच पाणी पोटभर प्यायले, तुम्ही वळून बघाल म्हणून जरा जास्तच प्यायले.

दर्यापूरला तुमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी मी दोन दिवस पोट धरून पडले. तुम्ही मीठ-साखरेचं पाणी पाजायच्या, पाय चेपून द्यायच्या. पाय चेपताना एकदा म्हणाल्या, "मांगून घ्याले मरण येते का तुमाले?"

"येते," मी म्हटलं.

हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही. तुम्ही म्हणायच्या, वाटेवर माणसानं मागावं आणि माणसाला द्यावं, त्यासाठीच माणसं जोडीनं निघतात. मी म्हणायची, ज्याचं त्यानं उचलावं. मी कोणाचं घेतलं नाही, कोणाला दिलं नाही. नवरा गेला तेव्हाही भावाच्या दारात गेले नाही. तुम्ही म्हणायच्या, त्याच्यात मोठेपणा नाही, कोरडेपणा आहे. मी म्हणायची, खारेपणापेक्षा बरा.

पण चालणं मला आवडलं, ते लपवून काय फायदा. माझ्या सगळ्या जन्मात मी कुठं जायची ती कामानं. बाजार, दवाखाना, लग्न, माती. नुसतं सकाळी उठून पुढं जायचं, संध्याकाळी जिथं पोचलो तिथं पाठ टेकायची, हे मला तुमच्यामुळं मिळालं. कपाशीची शेतं, तुरीवरचं दव, आणि अंजनगावच्या पुढं एका सकाळी एकदम समोर उभा राहिलेला सातपुडा. त्याच्या पायथ्याशी जन्म काढला, पण असा चालत चालत जवळ येताना तो मी कधी पाहिला नव्हता. गावोगाव लोक विचारायचे, नवस कोणता, बाई? मी खरं सांगायची, नवस नाही. लोक संशयानं बघायचे. कारण नसताना घर सोडून निघालेल्या दोन म्हाताऱ्यांना ओसरी कोण देणार? मग तुम्ही मला कोपरानं ढोसून पुढं व्हायच्या आणि चिखलदऱ्याच्या देवी पॉईंटवरच्या देवीचा नवस सांगायच्या. दर गावाला नवीन नवस. एका गावात तर माझ्या गुडघ्यासाठी बोलल्या. मी रात्रभर तुमच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा बोलावलं. या वेळी मी तयारच होते. म्हटलं, येतो, पण अट आहे. "माही पिशवी सकाळी तुमी भरान आन् सांजच्याले तुमीच खाली करान. वरमाय वाकली पाह्यजे." रंजना तिथंच भाजी निवडत होती, तिचा चेहरा उतरला. तुम्ही माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, आणि माझ्या गुडघ्याकडं पाहिलं, आणि एका दमात म्हणाल्या, "मंजूर."

मला वाटलं, मांडवातल्या टोपलीचं उट्टं निघालं.

मग रोज सकाळी तुम्ही दोन पिशव्या मधे घेऊन गुडघे टेकून बसायच्या आणि मी उन्हात उभी राहून चहा प्यायची. सुख व्हायचं, खोटं कशाला बोलू. कधी शाळेच्या पडवीत, कधी देवळात, कधी कोणाच्या ओसरीवर. तिथल्या बाया विचारायच्या की तुमच्या कोण ह्या, तर मी सांगायची, माझ्या जावयाची माय आहे, माझी पिशवी भरून राहिली. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तुम्हीही हसायच्या आणि मला हाकलायच्या, की तुम्ही पाय धुवा, तोंड धुवा, इकडं उभ्या राहू नका, मला सुचत नाही. मी जायची.

आणि घाटात मी पुढं. परतवाडा सोडून चढ लागला की मी जी निघायची ती वरच्या वळणाला कठड्यावर जाऊन बसायची. खाली बघितलं की तुम्ही दिसायच्या, कमरेवर हात, तोंड लाल, दर दहा पावलांना थांबून.

"या, या, मास्तरीणबाई. चाय थंडा झाला."

"येऊन राहिली, बाप्पा, येऊन राहिली."

हे मी सगळीकडं सांगितलं. हळदीकुंकवाला सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं, संत्री तोडायला आलेल्या बायांना सांगितलं. तुमच्या भावाच्या घरच्या लग्नात तुमच्याच माहेरच्या लोकांना सांगितलं, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. तुम्ही काय म्हणाल्या? म्हणाल्या, खरं आहे, यांच्या पायाला चाकं आहेत. गप्प राहिल्या असत्या तर मी माफ केलं असतं. तुम्ही साक्ष दिली. मास्तरीण असून खोटी साक्ष दिली.

आता तेरवीचं.

बाया बसल्या होत्या, तुमच्याविषयी बोलत होत्या. रंजनाला काय वाटलं कोण जाणे, चांगल्या मनानंच बोलली असेल. माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाली, "माय, तुले माहीत नाई, सासूबाई तुही अर्धी पिशवी आपल्या पाठीवर घेत होत्या."

मी म्हटलं, काय?

मग तिनं सगळं सांगितलं. तवा, तांदूळ, डाळ, माझी सतरंजी, जे जड ते सगळं तुम्ही सकाळी तुमच्या पिशवीत घालायच्या आणि संध्याकाळी मी पाय धुऊन येईपर्यंत माझ्या पिशवीत परत ठेवायच्या. माझी पिशवी रिकामी दिसू नये म्हणून तुमची ती कापसासारखी झोपायची थैली तिच्यात कोंबायच्या. मोठी दिसते, फुगलेली दिसते, वजनाला काही नाही. दर्यापूरला माझे पाय चेपताना तुम्ही माझा सुजलेला गुडघा पाहिला होता आणि घरी येऊन रंजनाला सांगितलं होतं की यांना न्यायचं तर असंच न्यावं लागेल, सांगून ऐकणारी बाई नाही. तिला तुम्ही शपथ घातली होती. तुम्ही गेल्या, शपथ सुटली.

तुमची नणंद डोळे पुसत म्हणाली की आमची वहिनी जन्मभर दुसऱ्याचं वझं वाहत आली. सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक-दोघी हसल्याही, मायेनंच हसल्या असतील. मला मांडव आठवला. तीच माणसं, तेच हसणं, आणि तुमची-माझी तीच गोष्ट. फरक एवढाच की या वेळी उत्तर द्यायला मला कोणी समोर ठेवलं नव्हतं.

मी उठले आणि रंजनाला म्हटलं, तुझ्या सासूची पिशवी दे.

तिला वाटलं, आठवण म्हणून मागते. जावयाच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांनी ती माळ्यावरून काढली, झटकून दिली. मी अमरावतीपर्यंत ती मांडीवर घेऊन आले, तिथून वरुडच्या गाडीत मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, आजी, वर ठेवा ना. मी म्हटलं, ज्याचं त्याच्यापाशी असू दे.

खरं सांगू, बसमध्ये मला वाटत होतं की रंजना वाढवून सांगते आहे. सून आहे, सासू मेली आहे, माणूस वाढवून बोलतो. घरी येऊन दार लावून मी पिशवी उलटी केली. आत हात घालून अस्तर बाहेर ओढलं. मधोमध, पाठीला लागते त्या बाजूला, एक काळा गोल होता. माझ्या तव्याएवढा. तवा आणून लावून पाहिला. कडेला जिथं त्याचा टवका उडाला आहे तिथंच गोलाची कडही मोडलेली. जड वस्तू मधोमध, कण्याला चिकटून. तुम्ही तुमचा नियम मोडला नव्हता.

मग तुम्हाला शिव्या दिल्या. त्या इथं लिहीत नाही, तुमच्या मास्तरणी वाचतील.

दुसऱ्या दिवशी जावयाला फोन करून सरळ विचारलं, की त्या ओझ्यानं तर त्यांच्या जिवाला काही झालं नाही? ते म्हणाले, नाही आई, डॉक्टरनं सांगितलं आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी दोनदा विचारून घेतलं. नाहीतर तुम्ही तेही माझ्या डोक्यावर ठेवून निघून गेल्या असत्या. ती टोपली मला झेपली नसती.

यंदाची वाट माझी होती, हे तरी तुम्हाला आठवतं का? दर वर्षी अकोल्याहून निघतो, या वर्षी माझ्या दारातून निघायचं, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा करत चिखलदऱ्याला. मी म्हटलं होतं, माझ्या मुलखात पाणी वाहायची गरज नाही, तुम्हाला गोड पाणी पाजत नेते. तुम्ही म्हणाल्या, तुमच्या गोड पाण्याचे बोअर पाताळात गेले, बाई, तुम्हीच बाटल्या भरून निघा. मी म्हटलं, बघू. तुम्ही म्हणाल्या, बघू. त्याच्यावर आपली पैज होती. पैज लावून माणूस मरतं का?

तेरवीनंतर रंजना चार दिवस माझ्याकडं आली. मी भिंतीजवळ ठेवलेली पिशवी तिनं पाहिली, बूट पाहिले आणि ओळखलं. म्हणाली, "आता नाई, माय. तू दोन-तीन वर्षांपासून अर्ध्याच वझ्यानं चालून राहिली होती. पुरं तुले झेपत नाई. रस्त्यात पडली तं कोण पाहीन?" आवाज चढवला नाही. तुमच्यासारखा खालच्या आवाजात बोलली, तिथंच मला धडकी भरली. कारण पोरगी बरोबर बोलत होती. तुमच्या एका चांगुलपणानं माझं चालणंच काढून घेतलं होतं. कळलं नसतं तर मी या वर्षी हसत निघाले असते. आता मला स्वतःलाच खात्री नव्हती.

मी तिच्याशी सौदा केला. भरल्या पिशवीनं आधी एक दिवस चालून बघायचं, ही तुमचीच शिस्त. मी म्हटलं, आपल्या बगीच्यातून धरणाच्या भिंतीपर्यंत जाते आणि परत येते. पिशवी पुरी भरलेली, आणि माझी नाही, तुझ्या सासूची. आले तर तू अडवायचं नाही. बसले तर मी ती पिशवी तुला देऊन टाकते. रंजना बरं म्हणाली. पटकन बरं म्हणाली.

संध्याकाळी मी तुमची पिशवी भरली. तुमची झोपायची थैली, तुमची बॅटरी, प्लास्टिकचा तुकडा, पट्ट्यांची डबी, तुमचे मोजे. तांदूळ-डाळ. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. आणि तवा, त्याच्या काळ्या जागेवर.

सकाळी तोंड धुऊन आले, पिशवी पाठीला लावली, कमरेचा पट्टा आवळला आणि निघाले. फाटकापर्यंत गेले आणि थांबले. मला बरं वाटत होतं. गुडघा गप्प होता. माझ्या वयाच्या बाईला भरली पिशवी घेऊन बरं वाटत असेल तर कोणीतरी चोरी केली आहे. मागं वळून पाहिलं तर माझ्यामागून येणाऱ्या रंजनाच्या खांद्यावरची कापडी पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबत होती.

"काढ," मी म्हटलं.

"काय काढू?"

"तवा."

तिनं तवा काढला, एक बाटली काढली, तांदूळ काढले. तिथंच रस्त्याच्या कडेला मांडून ठेवले आणि रडायला लागली. तेरवीलाही एवढी रडली नव्हती. म्हणाली, "सासूबाईनंच सांगतलं होतं. म्हणे, मी नसली तं हे काम तुह्याकडं. तिले समजू देऊ नको."

ऐकता ना, विहीणबाई? तुम्ही मेल्यावरही माझी पिशवी हलकी करायची सोय लावून गेल्या होत्या. माझ्याच पोटच्या पोरीला माझ्या विरुद्ध शिकवून ठेवलं होतं. मी त्या मांडवात पोरगी तुमच्या हवाली केली, तेव्हा एवढी पुरी द्यायची नव्हती. रडणाऱ्या पोरीला मी जवळ घेतलं नाही. म्हटलं, भर परत. मधोमध ठेव, कण्याला लागून.

तिनं भरली. मी घेतली. त्या वेळी कळलं मला, तुम्ही काय वाहत होत्या. तुमचं स्वतःचं तर वर वेगळंच होतं.

धरणाच्या भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. वाटेत बसावं लागलं. एकदा नाही, बऱ्याचदा. हे मी तुम्हाला सांगते कारण तुम्ही आता कोणाला सांगू शकत नाहीत. बसणं म्हणजे हरणं का, यावर रंजना काही बोलली नाही, ती नुसती माझ्या शेजारी बसायची आणि मी उठले की उठायची. पिशवीला तिनं हात लावला नाही. परतताना एका झाडाखाली माझ्या तोंडाला कोरड पडली. बाटल्या पिशवीत, पिशवी पाठीवर, ती काढून पुन्हा चढवायची माझ्यात ताकद नव्हती. रंजनाजवळ तिची लहान बाटली होती. ती तिनं पुढं केली नाही. वाट बघत होती, मला कळत होतं. मास्तरणीच्या हाताखाली तयार झालेली पोरगी.

"पाणी दे," मी म्हटलं.

तिनं दिलं. मी प्यायले. मरण आलं नाही. तुम्ही जिंकल्या असं समजू नका. मी माझ्या पोरीजवळ मागितलं, तुमच्याजवळ नाही. तुमच्याजवळ मागायचं राहिलं, ते राहिलंच. खाऱ्या हापशीजवळ तुम्ही दोनदा बाटली पुढं केली होती. तिसऱ्यांदा केली असती तर कदाचित घेतली असती. तुम्ही झाकण फार लवकर लावलं.

पौषात निघते आहे. रंजना बरोबर येणार, तिची पिशवी ती उचलणार, आणि कोणती पिशवी कोण भरतं त्याच्यावर माझी नजर राहणार. वाट माझी. पाणी गोड लागतं की नाही ते बघून ठेवते, पैज अजून मोडलेली नाही. लोकांनी विचारलं तर नवस सांगणार नाही. सांगीन, एका बाईचं उट्टं काढायला निघाले आहे.

तुमची पिशवी परत मिळणार नाही. आतलं अस्तर मी धुतलं नाही, धुणारही नाही. चिखलदऱ्याच्या घाटात या वर्षी कठड्यावर बसून वाट बघायची नाही. तुम्ही माझ्या पाठीवर असाल, मागं राहायची, धापा टाकायची, हरल्यासारखं करायची सोय उरलेली नाही. मी तुम्हाला वर नेणार आणि तुम्ही नको म्हणू शकणार नाही. अडीअडचणीला कोणाचं घेतलं नाही म्हणून मिरवणारी बाई मी, आणि तुम्ही मला न विचारता दिलं. आता मी तुम्हाला न विचारता उचलते. कसं वाटतं ते बघा.

ही पुस्तिका तुमच्या सगळ्या लोकांच्या हातात जाईल. मांडवात होते ते बरेचसे अजून आहेत, ते वाचतील. म्हणून शेवटचं मोठ्यानं लिहिते, त्यांना ऐकू जाईल असं.

भल्लं जड हाये वो विहीणबाई, तुमचं वझं.